पात्राचं पाप लेखकाच्या माथी?

नाशिकच्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) मुलगी आईवडिलांवर चोरीचा आळ घेते, त्यावरून शिरवाडकरांना कुणी निर्दय ठरवत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर (१९७२) मात्र सेन्सॉरचं संकट आलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना न्यायालयात जावं लागलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून त्यांना राबवणारा सखाराम हा तेंडुलकरांचा आदर्श नव्हे, हे नाटक नीट वाचलं तर कळतं. लेखक क्रौर्याची भलामणही करू शकतो, हा आक्षेप खराच. पण त्याचा निवाडा पात्राच्या कृत्यावरून होऊ नये; नाटक त्या क्रौर्याकडे कसं पाहतं, ते सोसणाऱ्यांना स्वतःचं मन देतं का, यावरून व्हावा. सखारामने घरी आणलेल्या लक्ष्मी आणि चंपा या दोघींना तेंडुलकरांनी ते भरभरून दिलं आहे.