आवडत्या पुस्तकांची कैफियत

आयुष्यात सर्वांत अधिक आवडलेली दहा पुस्तके कोणती, असा प्रश्न एखाद्या वाचनप्रिय गृहस्थास विचारला असता तो ज्या गांभीर्याने प्रथम छताकडे आणि मग विचारणाराच्या मुद्रेकडे पाहतो, त्यावरूनच हे ध्यानात यावे की, त्याचे उत्तर पुस्तकांविषयी जितके असेल तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, ते स्वतःविषयी असणार. फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेस मराठी भाषा गौरव दिन आणि ऑक्टोबरच्या पंधरा तारखेस वाचन प्रेरणा दिन हे दोन मुहूर्त आता शासनमान्य झाल्यापासून अशा याद्या मागविण्याचा शिरस्ताच पडून गेला आहे. आणि त्या वाचताना, इतक्या निरनिराळ्या स्वभावांची, वयांची आणि धंद्यांची माणसे आवडीच्या बाबतीत एकमेकांशी इतकी सहमत कशी, असे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

या खेळाचा उगम मात्र पंतोजीगिरीत आहे. १८८६ साली लंडनच्या कामगार महाविद्यालयात व्याख्यान देताना सर जॉन लबक या विद्वानाने शंभर उत्तम ग्रंथांची यादी मांडली. हा गृहस्थ व्यवसायाने पेढीवाला आणि व्यासंगाने मुंग्या व मधमाश्या यांचा अभ्यासक. त्याच्या यादीत रामायण-महाभारतांसही स्थान होते. स्वस्त छपाईमुळे जो नवा वाचकवर्ग उदयास येत होता, त्याने काय वाचावे हे जाणत्यांनी ठरवून द्यावे, ही त्यामागची भूमिका. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २००३ साली, बीबीसीने ब्रिटनमधील सामान्य वाचकांचाच कौल घेतला, तेव्हा अग्रस्थानी आली ती टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. लबकच्या पंक्तीतील विद्वानांनी या प्रकारच्या पुस्तकास शंभरातही बसू दिले असते की नाही, याची मला शंका आहे.

मराठीत हे स्थित्यंतर फार लवकर, आणि गंमत म्हणजे एका पुस्तकविक्रेत्याच्या हातून, घडले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. या संस्थांनी वाचक घडविला, पण त्यास त्याचे मत मात्र कोणी विचारले नव्हते. १९६४ च्या जानेवारीत मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी 'ललित' मासिक सुरू केले, आणि त्यातील 'चोखंदळ वाचकांची निवड' या उपक्रमाने वर्षातील पसंतीची पुस्तके नावानिशी सांगण्याची जागा वाचकास मिळवून दिली. पुस्तके विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची आवड विचारावी यात व्यवहार होता, हे उघड आहे; पण त्या व्यवहारात वाचकाच्या पसंतीस जो मान मिळाला, तो आमच्या कित्येक समीक्षकांनी तिला कधीच दिला नव्हता.

मात्र वर्षाची आवड सांगणे निराळे आणि आयुष्याची सांगणे निराळे. आयुष्यभराच्या याद्यांत जी नावे पुनःपुन्हा येतात ती कोणासही पाठ असतील: 'श्यामची आई', 'ययाति', 'स्वामी', 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी', 'बटाट्याची चाळ', 'व्यक्ती आणि वल्ली', 'बनगरवाडी', 'कोसला'. यांपैकी 'श्यामची आई' वगळली, तर उरलेली सारी १९५५ ते १९६८ या अवघ्या तेरा-चौदा वर्षांत प्रसिद्ध झालेली आहेत. त्या काळात मराठी प्रतिभेस अकस्मात बहर आला, अशी याची एक उपपत्ती सांगितली जाते, आणि तीत तथ्य नाही असे नाही. परंतु मला दुसरे, अधिक रोकडे कारण महत्त्वाचे वाटते. याच काळात मुंबईचा मराठी मध्यमवर्ग गिरगाव-दादरकडून पार्ले, सांताक्रूझ, मुलुंड अशा उपनगरांत पसरत होता. त्याच्या पगारात पुस्तक विकत घेण्याची ऐपत क्वचितच होती, पण वाचनालयाची अनामत आणि मासिक वर्गणी भरण्याची होती. घरी पुस्तक एकच येई आणि ते सर्वांनी वाचायचे असे. आजीस कीर्तनातून ठाऊक असलेला कर्ण, कॉलेजात जाणाऱ्या नातवास मात्र अन्यायाने पोळलेला तरुण म्हणून भेटावा, ही किमया 'मृत्युंजय'कर्त्या शिवाजी सावंतांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी साधली, आणि एकच प्रत तीन पिढ्यांच्या उशाशी फिरली. पौराणिक-ऐतिहासिक कादंबरीच्या लोकप्रियतेस केवळ भूतकाळाचे वेड म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी या घरगुती अर्थकारणाचा विचार केलेला दिसत नाही. शिवाय सांताक्रूझहून चर्चगेटच्या कचेरीत रोज जाणाऱ्या कारकुनास, चौथी सीट का होईना मिळाली, तर जाता-येता तासाभराहून अधिक वेळ हाती असे. सहा-सातशे पानांचा ग्रंथ त्याला भिववीत नसे, उलट महिन्याच्या वर्गणीचे चीज झाल्याचे समाधान देई.

पण हे झाले ज्याला याद्या पाठविण्याची सवय आहे त्या वाचकाविषयी. हवामानखाते मुंबईचा पाऊस दोन ठिकाणी मोजते, एक कुलाब्यास आणि दुसरे सांताक्रूझला. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर दिवशी सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी जमले, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकास कुलाब्यात पुरते पंचाहत्तरही नव्हते. दोन्ही आकडे खरे. आणि केवळ कुलाब्याचा वाचून मुंबईत त्या दिवशी बेताचा पाऊस झाला असे कोणी लिहिले असते, तर त्यास वेड्यात काढले गेले असते. वाचकांच्या आवडीचा पाऊस मात्र आपण आजवर बहुधा एकाच जागी मोजीत आलो.

सांताक्रूझपुरतेच पाहावयाचे म्हटले तरी या एका स्थानकाच्या दोन अंगांस किती वाचक नांदतात! पश्चिमेकडील जुन्या गुजराती घरांत हाच प्रश्न विचारला, तर गोवर्धनराम त्रिपाठींची चार भागांची 'सरस्वतीचंद्र' किंवा कन्हैयालाल मुनशींची एखादी सोळंकीकालीन कादंबरी पुढे यावी. पूर्वेस, जमिनीच्या दप्तरात आजही मौजे कोले कल्याण म्हणून नोंदलेल्या कालिना भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची मराठी बोली स्वतंत्र आणि ग्रंथसंपदाही स्वतंत्र. गोळीबार-वाकोल्याच्या वस्तीतील एखादा कष्टकरी वाचक १९५९ साली आलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'चे नाव अग्रभागी घेईल, आणि त्याचा शिकलेला मुलगा १९७८ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'चे. तेथून हाकेच्या अंतरावर विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. तेथे येणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याची आवड किती त्याची आणि किती अभ्यासक्रमाची, हे त्याचे त्यासही सांगता येणार नाही. 'कोसला' काही याद्यांत हटकून असते आणि काहींत तिचा मागमूसही नसतो, याचे एक कारण मी येथेच शोधीन.

याद्यांवर माझा दुसरा आक्षेप याहून थोडा खट्याळ आहे. जुन्या वाचनालयातील पुस्तकाच्या मलपृष्ठाआड देवघेवीच्या तारखांचे एक पत्रक चिकटविलेले असते, आणि ते पत्रक कोणाचीही भीडमुर्वत राखीत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या पराक्रमांसाठी वाचनालयाच्या दारात लोक ताटकळत उभे राहत, आणि पुस्तके हाताळून इतकी झिजत की त्यांची पुनःपुन्हा बांधणी करावी लागे. आजच्या सत्तरी-ऐंशीतील किती सभ्य गृहस्थांना वाचनाची गोडी अर्नाळकरांनी लावली! परंतु आवडत्या दहा पुस्तकांत त्यांचे नाव घालण्याचे धार्ष्ट्य मी अपवादानेच पाहिले आहे. नारायण धारपांच्या भयकथांचे आणि सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांचे नशीब पुढच्या पिढीने थोडेफार उजळले. चंद्रकांत काकोडकरांचे तेवढेही नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांची 'श्यामा' ही कथा अश्लील ठरवून उच्च न्यायालयाने त्यांना पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले. देशातील सर्वश्रेष्ठ न्यायपीठाने ज्या लेखकास मोकळे केले, त्याचे नाव उघडपणे उच्चारण्यास त्याचे वाचक मात्र आजही धजत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, जे अधिक वाचले गेले तेच आवडते असे कोठे आहे? हे मला मान्य आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी आयुष्यातील पहिल्या पुस्तकाचा मान देईन. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या त्या बाईने संसारातील ताटातूट, धर्मांतर आणि दारिद्र्य ज्या निर्वैर विनोदाने सांगितले आहे, त्याची बरोबरी करणारे आत्मकथन मराठीत मला आढळलेले नाही. पण त्याची पारायणे मी रहस्यकथांइतकी केलेली नाहीत, आणि करण्याची गरजही भासली नाही. काही पुस्तके एकदा वाचून जन्माची पुरतात, काही दर पावसाळ्यात लागतात. यादीत या दोन प्रकारांस एकाच रांगेत बसवावे लागते, तेथेच तिची गफलत होते.

तेव्हा याद्या मागविणाऱ्यांस, विशेषतः उपनगरांतील वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांस, माझी एक विनंती आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासन या संस्थांस अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून अनुदान देते, आणि त्यासाठी ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, खर्चाचा तपशील असे सारे हिशेब त्या दरसाल सादर करीतच असतात. त्यांच्याच जोडीला देवघेवीच्या नोंदींतून वर्षभरात सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पंचवीस पुस्तकांची नावे उतरवून काढणे ग्रंथपालास एका दुपारचे काम आहे. ती नावे दारातील फळ्यावर लावावीत, आणि शेजारीच सभासदांनी स्वहस्ते लिहून दिलेल्या आवडत्या पुस्तकांची यादी टांगावी. दोहोंत किती नावे समान निघतात हे पाहण्यास मी कोणत्याही वाचनालयाच्या दारात रांगेत उभा राहण्यास तयार आहे. अट एवढीच की, यादीखाली सह्या असाव्यात आणि देवघेवीच्या नोंदीखाली मात्र कोणाचेही नाव असू नये.