मिरचीच्या माळा ल्यालेलं एस्पलेत

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बायोन शहरापासून वीसेक किलोमीटरवर पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी एस्पलेत वसलं आहे. गाव बास्क मुलखातलं, वस्ती दोन हजारांच्या आसपास. घरांच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, दारं-खिडक्या तांबड्या किंवा हिरव्या. ऑगस्टपासून मिरचीची तोडणी सुरू होते आणि या भिंतींवर लाल माळा चढू लागतात. एकेका माळेत देठाशी ओवलेल्या वीस-तीस मिरच्या. तिखटापासून चार हात लांब राहणाऱ्या फ्रान्समध्ये एका गावानं मिरचीलाच आपली ओळख करावी, ही नवलाची गोष्ट आहे.

मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली, तशी समुद्रापार जाणाऱ्या बास्क खलाशांमुळे ती इकडे आली असं मानतात. काळी मिरी महाग होती, म्हणून शेतकऱ्यांच्या घरांत तिच्या जागी मिरची आली; मांस टिकवायलाही ती उपयोगी पडे. पुढे कितीतरी पिढ्या ती परसातलंच पीक राहिली. बी निवडून ठेवणं, रोपं लावणं, माळा ओवणं हे सगळं बायका सांभाळत. आज मिरवणारं वाण त्यांनीच वर्षानुवर्षं निवडून जपलं, याची आठवण गावानं ठेवायलाच हवी.

विदर्भातल्या भिवापुरी मिरचीप्रमाणे एस्पलेतच्या मिरचीलाही भौगोलिक मानांकन आहे. फ्रान्सनं ते २००० साली दिलं, युरोपीय संघानं २००२ साली. एस्पलेत आणि आजूबाजूची मिळून फक्त दहा गावं हे नाव वापरू शकतात. वाण एकच, ‘गोरिया’. लागवड उघड्या शेतात, तोडणी हातानं, आणि वाळवण-दळणही त्याच पट्ट्यात. नियम कडक आहेत, पण त्यांच्यामुळेच मिरचीचा पैसा दूरच्या कारखानदाराकडे न जाता इथल्या शेतकऱ्याच्या हाती राहतो.

इथे अटलांटिककडून येणारा पाऊस भरपूर, त्यामुळे नुसत्या उन्हावर भिस्त ठेवून भागत नाही. पिकून लाल झालेली मिरचीच तोडायची, ती किमान पंधरा दिवस हवेशीर, उबदार जागी पसरून ठेवायची. तिथे तिचा रंग गडद होतो, साल सुरकुततं. मग भट्टीत शेवटचा ओलावा काढायचा. पूर्वी हे काम पावाच्या भट्टीत होई. त्यानंतर देठ काढून दळण. हाती येते ती नारिंगी-लाल, जाडसर पूड. तिला टोमॅटोचा, वाळल्या गवताचा, किंचित भाजल्याचा वास असतो. तिखटपणा बेताचाच, फार तर ४,००० स्कोविल. आपल्या लवंगी मिरचीपुढे हे काहीच नाही, पण या पुडीचं मोल जळजळीत नसून सुगंधात आहे.

गावाच्या जुन्या गढीत आज नगरपालिकेचं कार्यालय आहे. चर्चमध्ये बास्क धाटणीचे लाकडी सज्जे आहेत. शिवाय, १८६९ साली चीनमधल्या पांडाची ओळख युरोपातल्या शास्त्रज्ञांना करून देणारे धर्मोपदेशक आणि निसर्गअभ्यासक आर्माँ दाविद १८२६ साली याच गावात जन्मले. १९२० साली फ्रान्सची पहिली सौंदर्यवती ठरलेली आन्येस सुरे हिची कबरही इथल्याच दफनभूमीत आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मिरचीचा उत्सव भरतो. रविवारच्या प्रार्थनेत मिरच्यांना आशीर्वाद दिला जातो, मग वेगवेगळ्या खाद्यपदार्थांच्या मंडळांची पारंपरिक वेशातली मिरवणूक निघते. हजारो लोक येतात, दुकानांत चॉकलेटपासून जेलीपर्यंत सगळ्यात मिरची घातलेली दिसते. त्यातलं काही निव्वळ पर्यटकांसाठी असतं. गावाची खरी चव कळते ती ‘आशोआ’मध्ये: वासराचं मांस बारीक कापून, कांदा आणि ढोबळी मिरची घालून मंद आचेवर शिजवायचं आणि त्यात ही पूड घालायची. गर्दी नको असेल त्यांनी जानेवारीअखेर यावं. तेव्हा पोट्टोक या बास्क जातीच्या तट्टांचा बाजार भरतो आणि डोंगरातले शेतकरी आपली जनावरं घेऊन गावात उतरतात.