शशिकलाताई काकोडकर आणि घराखालची जमीन

शशिकलाताई काकोडकरांचे नाव निघाले की 'भाऊसाहेब बांदोडकरांची कन्या' एवढीच ओळख पुष्कळदा दिली जाते. ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले आणि गोव्याचे मुख्यमंत्रिपद ताईंकडे आले, हे खरे. पण ताईंना पाहावे ते त्यांच्या कारकिर्दीतील दोन कायद्यांत.

मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राही. भिंती त्याच्या, जमीन दुसऱ्याची. भाटकाराची मर्जी फिरली की बिऱ्हाड उठण्याची धास्ती. अशा माणसाने मजुरी मागताना किंवा मत देताना मान वर कशी करावी? १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण दिले आणि घर व त्याखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. १९७६ च्या कूळ कायद्यातील दुरुस्तीने कसणारे कूळ मालक मानले गेले. जमीनमालक न्यायालयात गेले.

१९७९ मध्ये ताईंचे सरकार पडले, कायदे टिकले. मात्र मुंडकारांचे कित्येक दावे मामलेदार कचेरीत अजून निकालाची वाट पाहत आहेत. ताईंचे ते उरलेले काम आजच्या आमदारांचे आहे.