वाचकांचीं पत्रें : ठेवावीं कोणतीं, गाळावीं कोणतीं?

शाळेंतून निवृत्त झाल्यावर माझ्या वांट्याला एक वेगळेंच काम आलें. पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेल्या मंडळींचें एक लहानसें मासिक आहे. त्यांतील 'वाचकांचीं पत्रें' हें सदर पाहण्याची जबाबदारी संपादकांनीं मजवर टाकली. मला वाटलें, पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. हें काम तर डाव्या हाताचें! आठ वर्षांनंतर सांगतों, कीं वही तपासणें सोपें. वहींतल्या गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. पत्राचें उत्तर कोठेंच छापलेलें नसतें.

श्रोतेहो, असल्या मासिकाचा खरा जीव पत्रांत असतो. लेख दोनचार जाणते लिहितात. पत्रें गांवोगांवाहून येतात. आपल्या अंगणांत कोणता पक्षी केव्हां आला, पिलें केव्हां उडालीं, हें ज्यानें त्यानें कळवावें आणि तें वर्षानुवर्षें सांठत जावें, हा या शास्त्राचा जुना मार्ग आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें नियतकालिक १८८६ सालीं निघालें, तेंही हौशी निरीक्षकांच्या टिपणांवरच वाढलें.

परंतु जेथें धान्य सांठतें तेथें खडेही सांठतात. दर उन्हाळ्यांत कोणीतरी लिहितें, "आमच्या आंब्यावर शिक्रा बसतो व रात्रभर ओरडतो." पावशा रंगरूपानें शिक्र्यासारखा दिसतो, हें ठाऊक नसेल तर ही चूक स्वाभाविक आहे. अशा लेखकाला मी पांच प्रश्न विचारतों. किती अंतरावरून पाहिलें? ऊन पाठीमागें होतें कीं समोर? वर्णन तेथल्या तेथें लिहिलें, कीं घरीं येऊन पुस्तक उघडल्यावर? आवाज कसा होता? आणि याच्यासारखा दिसणारा दुसरा पक्षी कोणता, व तो हा नव्हे हें कशावरून? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां कित्येकांना आपली चूक आपणच उमगते.

एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. त्याला रानपिंगळ्याची हकीगत सांगावी. हें लहानसें घुबड १८८४ नंतर दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. मात्र कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहांत १९१४ सालीं गुजरातेंत मिळालेला म्हणून एक नमुना होता. पुढें सिद्ध झालें, कीं तो ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला जुनाच नमुना असून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. त्या एका चिठ्ठीनें शोध करणारांची दिशाभूल केली. ती बाजूस सारून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांना आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, रानपिंगळा जिवंत दिसला! खोटी नोंद निरुपद्रवी नसते, ती अशी.

तरीही नाकारलेली प्रत्येक गोष्ट असत्यच असते, असें नव्हे. इंग्लंडांत 'ब्रिटिश बर्ड्स' हें मासिक १९०७ पासून चालू आहे. तेथील हेस्टिंग्ज गांवाच्या आसमंतांत १८९२ पासून १९३० पर्यंत दुर्मिळ पक्षी मिळाल्याच्या इतक्या नोंदी झाल्या, कीं जाणत्यांना संशय आला. शेजारच्या भागांशीं व नंतरच्या वर्षांशीं गणिती तुलना करून, ऑगस्ट १९६२ च्या अंकांत त्या मासिकानें त्या नोंदी अविश्वसनीय ठरविल्या, आणि २९ जाती व उपजाती ब्रिटनच्या यादींतून गेल्या. नवल असें, कीं त्यांतील बहुतेक पुढें निर्विवाद नोंदींच्या आधारें यादींत परत आल्या. ते पक्षी तेथें येणें अशक्य नव्हतें. त्या विशिष्ट नोंदींना आधार नव्हता, इतकेंच. 'अमान्य' आणि 'अशक्य' हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात.

आतां भांडणाच्या पत्रांविषयीं. दोन निरीक्षकांचा मतभेद झाला, कीं तिसऱ्या पत्रापर्यंत पक्षी बिचारा उडून गेलेला असतो व माणसेंच उरतात. येथें मी व्याकरणाचा आधार घेतों. ज्या वाक्याचा कर्ता पक्षी, तें ठेवावें. ज्याचा कर्ता प्रतिपक्षी, तें गाळावें. मात्र काय गाळलें तें लेखकाला आधीं कळवावें, आणि उरलेल्याचा अर्थ बदलूं नये.

कांहीं पत्रें खरीं असूनही जशींच्या तशीं छापतां येत नाहींत. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचा ठावठिकाणा छापला, तर तो पारध्यालाही वाचतां येतो. रानपक्ष्यांना १९७२ च्या कायद्याचें संरक्षण आहे. परंतु कायदा झाडाखालीं पहारा करीत बसत नाहीं. अशा वेळीं तालुक्याचें नांवही गाळावें लागतें.

हें सर्व शहाणपण मला प्रथमपासून होतें असें मात्र नाहीं. एका आडगांवाहून एका बाईंचें पत्र आलें. पावसाच्या तोंडावर त्यांच्या माजघरांत नवरंग शिरला, थकून भिंतीशीं बसला आणि संध्याकाळीं उडून गेला. नवरंग हा झाडींत जमिनीवरचा पाचोळा उलथणारा पक्षी. तो माजघरांत कशाला येईल? मीं समासांत तांबड्या शाईनें "अशक्य. खंड्या असावा" असा शेरा मारून पत्र परत पाठविलें. पांचांतला एकही प्रश्न विचारला नाहीं.

दोन वर्षांनीं, त्याच दिवसांत, शेजारच्या मुलांनीं ओट्यावर टोपलीखालीं झांकलेला एक पक्षी मला दाखविला. तो नवरंग होता. पावसाच्या सुमारास दक्षिणेंतून वर येणाऱ्या या पक्ष्यांपैकीं दमलेला एखादा गांवांत, घरांतसुद्धां उतरतो, हें मीं नंतर वाचलें. आधीं शेरा मारला होता!

त्याच रात्रीं मीं बाईंची क्षमा मागितली. त्यांच्या उत्तरांत राग नव्हता. त्यांनीं लिहिलें होतें, "आपला शेरा वाचून वाटलें, मला नीट दिसतच नसावें. सहा वर्षें ठेवीत होतें ती वही त्या दिवशीं बंद केली." त्या दोन वर्षांच्या कोऱ्या पानांवर काय काय आलें असतें, तें आतां कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं.

'ब्रिटिश बर्ड्स'नें दुर्मिळ नोंदी पारखण्यासाठीं १९५९ सालींच दहा जणांची समिती नेमली, ती कां, हें मला तेव्हां समजलें. आतां शंकास्पद पत्र मी आणखी दोघांना दाखवितों. न छापलेलें पत्र फाडीत नाहीं. निराळ्या गठ्ठ्यांत ठेवतों, आणि वर्षांतून एकदां तो गठ्ठा सोडतों. शेरे मारावयाची ती तांबडी शाई आतां घरांत नाहीं.

बाईंकडून तें जुनें पत्र मागवून घेऊन मीं माझ्या शेऱ्यासह अंकांत छापलें. पुढच्या पावसाळ्यांत त्यांचें एक पोस्टकार्ड आलें; त्यांत हळद्याच्या घरट्याची नोंद होती. मीं पांचही प्रश्न विचारले. पांचांचींही उत्तरें उलट टपालानें आलीं.