'आधी काम बघू, मग कायम करू'; पण कधी?

पेण : पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये कासू हे छोटेसे स्थानक आहे. नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल, डोलवीचा पोलाद कारखाना आणि रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत हे सारे याच टापूत येते. अशा भागातील आयटीआय झालेल्या तरुणाला 'आधी सहा महिने काम बघू, मग कायम करू' असे सांगितले गेले, तर त्याने प्रथम आपल्या नेमणुकीचे नाव तपासायला हवे.

नाव एक, अर्थ अनेक

परिवीक्षाधीन म्हणजे प्रोबेशनवरील कर्मचारी हा कायम जागेवर घेतलेला, पण अद्याप पक्का न झालेला कर्मचारी असतो. शिकाऊ उमेदवाराचे तसे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तो प्रशिक्षणार्थी असून, करारात तशी अट नसल्यास त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. कंत्राटदाराकडून आलेला कामगार मुळात कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतो. तिघे एकाच यंत्रावर काम करीत असले, तरी कायम होण्याची वाट केवळ पहिल्यासमोर सरळ असते.

मुदत किती?

१९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांत कामगाराचा परिवीक्षा काळ ३ महिन्यांचा होता. खासगी शाळांसाठी १९७७ च्या कायद्याने तो २ वर्षे ठरविला. २००० मध्ये आलेल्या शिक्षणसेवक योजनेत मात्र मानधनावरील ३ वर्षांची सेवा आली. हे मानधन २०२३ मध्ये प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी २० हजार रुपये करण्यात आले.

मुदत उलटली म्हणजे माणूस आपोआप कायम होतो, हा समज सर्वत्र खरा नाही. नियमात कमाल मुदत ठरलेली असेल आणि त्यानंतरही कामावर ठेवले असेल, तर तो कायम झाला असे मानावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये पंजाबमधील शिक्षकांच्या प्रकरणात दिला. कमाल मुदतच लिहिलेली नसेल, तर हा आधार दुबळा होतो.

काढता येते का?

काम समाधानकारक नसल्यास परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याची सेवा संपविता येते. मात्र गैरवर्तनाचा ठपका ठेवून, चौकशीविना केलेली बडतर्फी साध्या आदेशाच्या आड लपविता येत नाही, हे तत्त्व सरकारी नोकरांच्या संदर्भात १९७४ च्या समशेरसिंग निकालाने अधोरेखित केले. कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी कामगाराला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरविली.

कागद महत्त्वाचा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. स्थायी आदेशांची तरतूद आता ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती आहे. दुसरीकडे, दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे लहान कारखान्यात हेच पत्र कामगाराचा मुख्य आधार ठरते. परिवीक्षेची अखेरची तारीख, मुदतवाढीची मर्यादा, कामाचे निकष आणि कायम केल्याचा लेखी आदेश देण्याची अट, या चार गोष्टी त्यात असायला हव्यात.

पारख करण्याचा मालकाचा हक्क रास्त आहे. पण निकालाची तारीख नसलेल्या परीक्षेत उमेदवाराच्या उमेदीची वर्षे खर्ची पडतात.