हातापायांचा इसब आणि घरांतील कामाची वांटणी

कर्जत व खालापूर या तालुक्यांतला पावसाळा म्हणजे चार महिने ओलीचा संसार. ढग सह्याद्रीस अडतात, उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरतात, दांडीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहींत. अशा दिवसांत घरांतील कोणाच्या तरी बोटांस भेगा पडतात, तळहातावर खाजऱ्या पुटकुळ्या उठतात, पावलावर चट्टे येतात. मग "रक्त बिघडलें" म्हणून पथ्यें सुरू होतात, आणि जिचे हात फुटले त्या सुनेनें कणीक मळावी कीं नाहीं, याविषयीं माजघरांत कुजबूज चालते. इसब हा स्पर्शानें पसरणारा रोग नव्हे, हें आम्हांस प्रथमच सांगितलें पाहिजे. पसरतो तो गजकर्ण.

हाताच्या इसबाचें सर्वांत मोठें निमित्त म्हणजे पाणी व साबण. त्वचेच्या वरच्या थरांतील स्निग्ध अंश बाहेरच्या पदार्थांस अटकाव करीत असतो. तो वारंवार धुतला गेला कीं त्वचा कोरडी पडून फाटते. दिवसांतून दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहिल्यास तें काम त्वचेस जोखमीचें, असें वैद्यकशास्त्र मानतें. आतां एकत्र कुटुंबांतील धाकट्या सुनेचा दिवस घड्याळ लावून मोजावा. सकाळचीं भांडीं, तांदूळ धुणें, लहानग्यांचे कपडे, फरशी पुसणें, पुन्हां दुपारचीं भांडीं! दोन तास बारा वाजण्यापूर्वींच भरतात.

अशा फुटक्या त्वचेंत मग इतर पदार्थ शिरकाव करतात. लसूण सोलणारीच्या डाव्या हाताचा आंगठा व पहिलीं दोन बोटेंच फुटतात, कारण पाकळी त्याच बोटांनीं धरली जाते. (चातुर्मासांत कांदालसूण वर्ज्य असलेल्या घरीं ही परीक्षा आयतीच होते.) बांगडींतील निकेल, अंगठीखालीं अडकलेला साबण, हींहि कारणें होत. खोपोली-रसायनीकडे कारखान्यांत वा बांधकामावर जाणाऱ्यांच्या हातांस यंत्राचें तेल व सिमेंट बाधतें.

पायांची गोष्ट थोडी निराळी. भातलावणीच्या चिखलांत बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या; त्यांस इसब समजूं नये. पावलावर चपलेच्या पट्ट्याबरहुकूम चट्टा उठला, तर मात्र रबरावर किंवा कमावलेल्या चामड्यावर संशय घ्यावा. कर्जतहून मुंबईस लोकलनें जाणारे भिजल्या मोज्यांनिशीं दिवसभर बूट वागवितात. कचेरींत मोज्यांचा दुसरा जोड ठेवणें त्यांस कठीण नाहीं. टांचेच्या भेगांवर बिब्बा लावण्याची जुनी चाल तर सर्वस्वीं टाकावी. त्याच्या चिकानें धडधाकट त्वचेवरहि फोड येतात, मग फाटलेल्या त्वचेची काय कथा!

दुकानांतून विचारून आणलेलें मलमहि असेंच घातक. स्टेरॉइडयुक्त अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून होऊं नये, असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालीं केला, तो उगाच नव्हे. गजकर्णावर तेंच मलम चोळल्यास खाज थांबते आणि रोग आंतल्या आंत पसरतो. निमित्त सांपडत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनीं तपासतात.

घरचा उपाय साधा आहे. पाणी कोमट असावें, हात टिपून लगेच व्हॅसलीन लावावें, रबरी मोज्यांखालीं सुती मोजे घालावे. पण मोज्यांची जोडी आणून पुरुषमंडळींनीं आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. भांड्यांची एक पाळी मुलग्यांनीं घ्यावी, फरशी सासऱ्यांनीं पुसावी. आमच्या मतें कोणत्याहि मलमाइतकेंच हें आवश्यक आहे. हात वरून बरे दिसूं लागल्यावरहि त्वचेस पूर्ववत् बळ येण्यास कित्येक महिने लागतात. तेव्हां भाद्रपदांत भेगा भरल्या म्हणून दिवाळीच्या साफसफाईचीं तांब्यापितळेचीं भांडीं पुन्हां तिच्याच पुढ्यांत टाकूं नयेत.