खिशातील घट आणि त्याचे आयुष्य

वळवाच्या पहिल्या सरीबरोबर पुण्याच्या पेठांतील वीज जावी, यात नवल असे काही नाही. पूर्वी अशा वेळी घरातील वडील माणूस कंदिलाची काच पुशी आणि सूनबाई देवापुढील समईची वात जराशी पुढे सारी. आता त्याच अंधारात प्रथम ऐकू येतो तो प्रश्न असा, की ‘तुझ्या मोबाइलमध्ये किती टक्के उरले आहेत?’ एकाचे बारा, दुसऱ्याचे एकतीस, आणि आजोबांचा मोबाइल तर दुपारीच मिटलेला! बॅटरी टिकत नाही ही तक्रार आज ज्या घरात होत नाही असे घर आम्हांस तरी ठाऊक नाही. कोणी दोष कंपनीस देतो, कोणी मुलांच्या खेळांस, आणि कोणी नुसता कपाळास हात लावून नवे यंत्र आणतो. या तक्रारीचे मूळ कशात आहे, गृहस्थाने घरात काय जपावे आणि बाजारात काय मागावे, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

मोबाइल ही चैनीची वस्तू, तो मिटला तर बिघडले काय, असे म्हणण्याचे दिवस आता गेले. परदेशी असलेल्या मुलाचा आवाज त्यातून येतो. बँकेचा संकेतांक त्यावरच येतो. गॅसची टाकी पुष्कळ घरांत त्यावरूनच मागविली जाते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास आपल्या हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेने विद्युत्-मार्गाने देता येऊ लागला, आणि पुढे तर घरबसल्या मोबाइलसमोर चेहरा धरूनही तो देता येतो. मनुष्याच्या हयातीची साक्ष देणारे हे यंत्र स्वतःच तिसऱ्या प्रहरी निष्प्राण व्हावे, हा विनोद खरा. पण वृद्ध माणसाच्या घरी तो विनोद राहत नाही.

आमच्या परिचयाच्या एक आजी सदाशिव पेठेत एकट्या राहतात. मुलगा अमेरिकेत. दर शनिवारी सकाळी त्याचा फोन यावयाचा, हा अनेक वर्षांचा नेम. मध्यंतरी एका शनिवारी रात्रभर चार्ज केलेला त्यांचा मोबाइल सकाळी नऊ वाजता आपोआप बंद पडला. आजी कानाने मंद. त्यांस त्याचा पत्ताही नाही. मुलाने तिकडून चार तास प्रयत्न केला आणि अखेर घाबरून शेजाऱ्यांस कळविले. शेजाऱ्यांनी दार ठोठावले, हाका मारल्या, आणि शेवटी कडी मोडून ते आत शिरले. तो आजी मागल्या पडवीत शांतपणे पावटे सोलीत बसलेल्या! ईश्वरकृपेने एवढ्यावरच निभावले.

पुढची हकीगत अधिक बोधप्रद आहे. दुकानदाराने ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’ असे सांगितले. नवे आले. पण त्यावरील चित्रे निराळी, खुणा निराळ्या. आलेला फोन उचलावयाचा कसा हेच आजींस तीन आठवडे उमगेना. शेवटी शेजारच्या मुलाने जुना मोबाइल बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत नेला. तेथील एका कारागिराने अर्ध्या तासात त्याची बॅटरी बदलून दिली; खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्याइतका. तो मोबाइल आजतागायत उत्तम चालू आहे. यंत्र जुने झालेच नव्हते. त्यातील घट तेवढा जीर्ण झाला होता.

घट हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला. ‘बॅटरी’ हा इंग्रजी शब्द मूळचा तोफखान्यातील. ओळीने मांडलेल्या तोफांस तो लावीत. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने १७४९ साली विजेच्या बरण्यांच्या ओळीस तेच नाव दिले. मराठी शास्त्रीय ग्रंथांत एका पात्रास ‘विद्युत्-घट’ आणि अनेक घटांच्या ओळीस ‘घटमाला’ म्हणतात. मोबाइलमध्ये बहुधा एकच घट असतो, परंतु रूढीने आपण त्यासही बॅटरीच म्हणतो. शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे तो एवढ्याचसाठी, की घट म्हटले म्हणजे तो भरावयाचा, रिता व्हावयाचा आणि कालांतराने झिजावयाचा, हे मनास आपोआप पटते.

इटलीतील व्होल्टा याने १८०० साली तांबे व जस्त यांच्या चकत्या रचून अखंड वाहणारा विद्युत्प्रवाह प्रथम मिळविला. १८६६ साली फ्रान्सच्या लेक्लांशेने जो घट काढला, त्याच्याच वंशातील कोरड्या घटांवर आपल्या घरांतील टॉर्च आणि ट्रान्झिस्टर रेडिओ चालले. ते एकदा संपले की टाकून द्यावयाचे. पण संपले तरी रेडिओ कोणी टाकीत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे घट आणावयाचे, पाठीमागचे झाकण उघडावयाचे आणि टोके पाहून बसवावयाचे, हे काम घरातील दहा वर्षांचा मुलगाही करी. घरच्या टेलिफोनास तर तेवढीही यातायात नसे. तांब्याच्या तारेवरील त्या टेलिफोनास लागणारा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह एक्स्चेंजमधील मोठ्या घटमालेतून तारेनेच येई, म्हणून घरची वीज गेली तरी टेलिफोन बोलत असे. मोबाइल आला आणि ही सारी चिंता एक्स्चेंजच्या अंगावरून उतरून आपल्या खिशात येऊन बसली.

आजच्या मोबाइलमध्ये असतो तो लिथियमचा घट. लिथियम हा सर्व धातूंत हलका. त्याचा पुनःपुन्हा भरता येणारा घट सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणिला, आणि त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. या घटात एका बाजूस ग्राफाइट, दुसऱ्या बाजूस कोबाल्टादी धातूंचे ऑक्साइड आणि मध्ये लिथियमचा क्षार विरघळविलेले द्रव असते. चार्ज करताना लिथियमचे विद्युत्-भारित कण ऑक्साइडाच्या थरांतून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना ते परत फिरतात. या येरझाऱ्यांत काही थोडे कण दर वेळी अडकून पडतात. ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा साचत जातो आणि घटाची साठवण कमी होत जाते. सामान्यतः ५०० ते १००० पूर्ण फेऱ्यांनंतर ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते. रोज एक फेरी धरली, तर हा हिशेब दीड ते पावणेतीन वर्षांचा होतो. म्हणजे ही झीज कोणाची लबाडी नव्हे. तो त्या पदार्थाचा धर्म आहे.

मग पूर्वीचे मोबाइल चार-चार दिवस कसे टिकत? नोकिया कंपनीच्या २००० सालच्या ३३१० या प्रसिद्ध मोबाइलची बॅटरी ९०० मिलिअँपिअर-तासांची होती. आज पाच हजारांची सर्रास मिळते. घट पाचपट मोठा झाला, पण खाणारी तोंडे त्याहून वाढली. मोठा उजळ पडदा, अखंड चाललेले दूरचित्रांचे दळणवळण, पडद्याआड चोरपावलांनी चालणारी नाना कामे, हे सारे त्या एका घटावर जगते. शिवाय गणन करणारे भाग ज्या झपाट्याने सुधारले, त्या झपाट्याने रसायन सुधारत नाही. १९९१ पासून आजपर्यंत लिथियम-घटाची वजनाच्या मानाने शक्ती सुमारे तिप्पट झाली, इतकेच. एक किलो पेट्रोलात जेवढी शक्ती असते तिचा चाळिसावा-पन्नासावा हिस्साच एक किलो घटांत मावतो.

आता घरातील उपाय. घटाचा पहिला शत्रू उष्णता. ४० अंश सेल्सिअस उष्णतेत पूर्ण भरून ठेविलेला लिथियम-घट वर्षभरात आपली सुमारे एकतृतीयांश साठवण कायमची गमावतो. तोच २५ अंशांत अर्धवट भरून ठेविला तर नुकसान चार-पाच टक्क्यांवर जात नाही. पुण्याचा चैत्र-वैशाख चाळिशीला टेकतो हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा मोबाइल उन्हाच्या खिडकीत, बंद मोटारीच्या काचेखाली किंवा उशीखाली ठेवू नये, आणि चार्ज करताना जाड आवरण काढून ठेवावे.

दुसरे असे, की ‘बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी’ हा जुना उपदेश निकेल-कॅडमियमच्या घटांकरिता होता. लिथियमास तो अपायकारक आहे. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हेच त्यास मानवते. बहुतेक नव्या यंत्रांत ऐंशीवर थांबण्याची सोय असते, ती चालू करावी. तिसरे, जेथे संदेशाच्या लहरी क्षीण पोहोचतात तेथे मोबाइल अधिक जोराने ‘ओरडतो’ आणि लवकर थकतो. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींमागील माजघरात, किंवा डेक्कन क्वीन खंडाळ्याच्या घाटातील बोगद्यांतून जात असता, हा अनुभव हमखास येतो. प्रवासात तेवढा वेळ ‘विमान’ खूण दाबून ठेवल्यास पुष्कळ बचत होते. चौथे, चार्जरावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहून घ्यावे.

पाचवी गोष्ट सुरक्षेची. पोट फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. ती पेट घेते. आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यात तर कदापि टाकू नये. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या भगिनी आपल्या दारचा कचरा उघड्या हातांनी निवडतात, हे स्मरणात असावे. २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. जेथे विद्युत्-कचरा निराळा घेतात, अशाच ठिकाणी ती द्यावी.

इतके जपूनही घट कधी तरी जीर्ण होणारच. खरी कुचंबणा तेथे सुरू होते. पूर्वी मोबाइलचे झाकण नखाने निघत असे. आता ते डिंकाने चिकटविलेले असते. झिजणारी वस्तू न झिजणाऱ्या वस्तूत कायमची कोंडली, म्हणजे तेल संपताच समई मोडीत काढण्यासारखे झाले! वापरणाऱ्यास कळतही नाही की दोष कोठे आहे. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांची गती ती आज्ञावलीतूनच कमी करीत होती. यंत्र अचानक बंद पडू नये असे तिने कारण दिले. परंतु लोकांस ते आधी सांगितलेले नव्हते. पुढे कंपनीने बॅटरी स्वस्तात बदलून दिली, आणि २०२० साली फ्रान्सने तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. आजींच्या दुकानदाराने सांगितले तेच, मोठ्या प्रमाणावर, कित्येकांनी स्वतःची समजूत करून घेतली असेल, की ‘यंत्र जुने झाले.’

युरोपने या बाबतीत कायद्याचा आश्रय केला आहे. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के साठवण राखणारी असली पाहिजे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद ठेवून लहान उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्यासच काढता-घालता आल्या पाहिजेत, असा तेथील २०२३ चा नियम आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, आणि यंत्र कितपत दुरुस्त होण्याजोगे आहे याचा अंक ठरविण्यासाठी २०२४ साली समिती नेमिली. दिशा योग्य आहे. पण ग्राहकाने मागणी केल्यावाचून पाऊल लांब पडत नाही.

दरम्यान शास्त्रज्ञ स्वस्थ नाहीत, आणि हे सांगताना पुणेकर म्हणून आम्हांस समाधान वाटते. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सी-मेट आणि आयसर या संस्थांत घटांवर संशोधन चालते. आयसरमधील डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या सहकार्याने सिद्ध झालेले सोडियम-घटाचे तंत्र येथील केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सोडियम म्हणजे आपल्या मिठातील धातू. त्याची टंचाई नाही. परंतु तो लिथियमाहून जड असल्याने वाहने व वीजसाठा यांस अधिक सोयीचा. खिशातील मोबाइलने त्याच्या आशेवर राहू नये.

म्हणून सुज्ञ गृहस्थांस व गृहिणींस आमची एवढीच सूचना आहे. लग्नकार्यात भांडे घेताना आपण ते वाजवून पाहतो, लुगड्याचा पदर उलटून पाहतो. मोबाइल घेताना मात्र छायाचित्रे किती सुरेख निघतात एवढेच पाहून पैसे मोजतो. यापुढे दुकानदारास तीन प्रश्न विचारावेत: याची बॅटरी बदलता येते काय? बदलण्यास किती रुपये पडतील? आणि ती किती वर्षे मिळत राहील? उत्तर मिळाले तर बिलाच्या पाठीवर लिहून घ्यावे. न मिळाले, तर पुढच्या दुकानाची पायरी चढण्यास आपले पाय अजून शाबूत आहेत.